अर्धा तास बोलू नये

कसबा बावड्यात आमच्या घरामागं एक पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही चौघी मिळून हर्बल टूथपेस्ट बनवतो. लोक विचारतात, "धंदा कसा चाललाय बाई?" मी सांगते, पेस्ट बेताची निघते, किस्से मात्र पोत्यानं निघतात! कडुलिंब वाटायला घेतला की एक, ट्यूबा भरायला बसलो की दुसरा. लिहून ठेवायला सवड कुणाला आहे? मग जो सापडेल त्याला धरून सांगायचं. आज तुम्ही सापडलात.

आधी माणसं सांगते, नाहीतर मध्येच "ही कोण, ती कोण" विचारत बसाल. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, घरी बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून हा उद्योग काढला. त्यामुळं अख्खी गल्ली मला 'बाई' म्हणते. मालनकाकू आमच्यात वयानं मोठ्या आणि आवाजानं त्याहून मोठ्या. रेश्मा सगळ्यात लहान. फोन घेणं आणि मोबाईलवर फोटो टाकणं हे तिचं खातं. आणि शकू. बाभळीची साल, कडुलिंब, लवंग घातलेलं ते जड पातेलं ढवळावं तर शकूनंच, बाकीच्यांचे खांदे भरून येतात.

लायसन्स कसं मिळालं ते सांगत नाही. तो किस्सा विनोदी नाही.

*

पहिली बॅच झाली तेव्हा ट्यूबा आल्या नव्हत्या. बाजारात चटणी-लोणच्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या मिळतात, त्यात पेस्ट भरली. रंग हिरवट काळा. लावली की ओठाच्या कडेला हिरवी रेघ उमटते, ती अजून उमटते, त्याला इलाज सापडलेला नाही.

रेश्माचा चुलतभाऊ मंगळवार पेठेतल्या एका तालमीत जातो. त्याच्याबरोबर पैलवानांना सॅम्पल म्हणून डब्या पाठवल्या. म्हटलं, पोरं दणकट आहेत, चार ठिकाणी नाव सांगतील.

दुसऱ्या दिवशी तालमीतनं फोन. "ताई, चटणी भारी हाय! पर लवंग जरा हात राखून घाला. भाकरीबरोबर खाल्ली की तोंडच बधिर हुतंय, रस्सा तिखट लागंना झालाय!"

रेश्मा घाबरली. "अवो दादा, ती दात घासायची हाय!"

पलीकडनं आवाज आला, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय? आमी वस्तादास्नी बी वाढली की!"

"मग वस्ताद काय म्हणाले?"

"आणिक मागितली."

*

आमच्या पेस्टला फेस येत नाही. फेस आणणारं जे घालतात ते मी घालत नाही. दात साफ व्हायला फेस लागत नाही, हे मी जन्मभर वर्गात शिकवलंय. पण कोल्हापूरच्या माणसाला पटवून दाखवा!

मालनकाकूंचे मालक पहिल्या दिवसापासून नाराज. "फेस न्हाई म्हंजे दात घासल्यालं कळायचं कसं?"

महिनाभर बोलले. मग एकदम गप्प झाले आणि ट्यूब संपत आली की दुसरी मागायला लागले. मला बरं वाटलं. म्हटलं, विज्ञान जिंकलं! रस्त्यात भेटले तेव्हा मुद्दाम विचारलं, "काय काका, पटली ना शेवटी पेस्ट?"

"एक नंबर हाय बाई," काका म्हणाले. "रोज तुमच्या पेस्टनं दात घासतो. मग दुकानातली लावून फेस काढतो."

*

पेठ वडगावला एकदा प्रदर्शनात स्टॉल लावला. पहिलं गिऱ्हाईक एक जैन आजी. पांढरंशुभ्र लुगडं, बारीक आवाज, पण चौकशी वकिलाची. "मध हाय काय ह्यात?" नाही. "आलं?" नाही. "लसूण?" आजी, टूथपेस्टमध्ये लसूण कोण घालेल! "मग दिवस बुडाल्यावर चालंल काय?" मी म्हटलं, आजी, ही गिळायची नसते, थुंकायची असते. "ते मला कळतंय," आजी म्हणाल्या, "तुमास्नी कळतंय का बघत हुते." आणि दोन ट्यूबा घेतल्या.

त्यांच्यामागनं एक फेटेवाले पावणं आले. "दाढ ठणकायची थांबतीया का?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "नाही. दाढ ठणकत असेल तर डॉक्टरकडं जा."

"हिरड्यातनं रगात यायचं?"

"रोज नीट घासलंत तर कमी होईल. नाही झालं तर डॉक्टर."

"मग समदं डॉक्टरच करणार म्हंजे तुमी काय करणार?"

यावर मालनकाकूंना असं हसू आलं की काही विचारू नका. डोकं मागं टाकून हसल्या. पावण्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, दातांकडं बघितलं, आणि विचारलं, "मावशी, तुमी हीच पेस्ट वापरता व्हय?"

"व्हय की!" काकू अभिमानानं म्हणाल्या.

पावण्यांनी ट्यूब हळूच खाली ठेवली आणि शेजारच्या पापडाच्या स्टॉलवर गेले.

कारण काकूंचे दात काळे कुळकुळीत. मिश्री! तव्यावर तंबाखू भाजून केलेली भुकटी, बोटानं दातांना चोळायची, दिवसातनं तीनदा. शकूचंही तेच. दात पांढरे करायची पेस्ट बनवणाऱ्या आम्ही, आणि जाहिरातीत हसायला रेश्मा सोडली तर कुणी नाही!

*

मी चिडले. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना केएमटीच्या बसमध्ये बसवून मंगळवार पेठेत नेलं. तिथला दातांचा डॉक्टर माझा विद्यार्थी. शाळेत असताना पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या चित्रांना मिशा काढायचा. त्याला म्हटलं, "ह्यांचे दात घासून पांढरे करून दे. फोटो काढायचाय."

मालनकाकूंचे दात बघून तो म्हणाला, "काकू, पायऱ्या घासायची मशीन लागंल." काकू खुर्चीतच हसायला लागल्या, त्यामुळं त्याला काही करता येईना.

मग शकू बसली. त्यानं खालचा ओठ ओढून बघितला आणि लाईट जवळ घेतला. ओठाच्या आतल्या बाजूला, जिथं मिश्री ठेवायची सवय, तिथं पांढरा चट्टा होता. बोटानं पुसून जात नव्हता.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला जे दिवस लागले, त्या दिवसांत आमच्या शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. मालनकाकूसुद्धा.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. डॉक्टरनं मात्र स्पष्ट सांगितलं, "आज न्हाय. पण मिश्री चालू ठेवलीस तर उद्याचं मी सांगू शकत न्हाय. आजपासून बंद. दिवाळी झाली की परत दाखवायचं."

बसमध्ये शकू खिडकीतनं बाहेर बघत होती. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "बाई, माझी पोरगी पाचवीत हाय." मी तिचा हात धरला, तेवढंच सुचलं.

*

पण शकूच ती! दुसऱ्या दिवशी पातेलं ढवळता ढवळता विचारते, "बाई, मला एक सांगा. आपल्या ट्यूबवर काय लिवलंय?"

"नैसर्गिक म्हणून निर्धोक," मी म्हटलं. ओळ माझीच होती.

"मग मिश्री बी झाडपाल्याचीच की! तंबाखू काय कारखान्यात उगवती व्हय? पाला वाळवायचा, तव्यावर भाजायचा, झालं. म्हंजे ती बी हर्बलच!"

इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, तेवढ्या हक्कानं मी ओरडले, "धोतरा पण झाडच आहे! खा जा!"

"बरं बरं, चिडू नगासा," ती म्हणाली. "आणि आपली पेस्ट लावून चट्टा जाईल न्हवं?"

"अजिबात जाणार नाही. पेस्टनं दात घासले जातात. चट्टा गेलाच तर मिश्री सोडून जाईल."

ती ओळ मी त्याच दिवशी ट्यूबवरनं काढून टाकली. आता नुसतं कशाकशापासनं बनवलीय ते लिहिलंय.

*

शकूनं मिश्री सोडली. हात थरथरायचे, डोकं दुखायचं, चहावर चहा व्हायचा. मिश्रीच्या वेळेला ती आमची पेस्ट बोटावर घ्यायची आणि दाराच्या पायरीवर बसायची. दोन-तीन आठवडे बरे गेले.

आणि एके दिवशी दुपारी मी शेडच्या मागं गेले, तर ही कडुलिंबाखाली पाठमोरी बसलेली. हातात मिश्रीची डबी!

मी जी ओरडले, ती शेजारची माणसं बाहेर आली. डबी हिसकावली, गटारात फेकली. आजही फेकेन. "तुला पोरगी हाय, तूच म्हणालीस ना? मग हे काय?"

शकूही कमी नाही. उभी राहिली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "तुमाला काय कळतंय बाई? मिश्री लावून बसलं की कुणी हाक मारत न्हाई! तोंड भरल्यालं असतंय, बोलता येत न्हाई, मग काम कोण सांगणार? अर्धा तास माझा असतोय. पेस्ट लावली की आत्ती म्हणत्यात, टीव्हीवर दोनच मिंटं सांगत्यात, झालं न्हवं, ऊठ!"

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. शकूची आत्ती वाईट नाही हो. पण घरात म्हस, दोन दीर, शाळेची पोरगी, आणि हाक मारायला एकच नाव.

मी काही बोलायच्या आत मागनं मालनकाकू म्हणाल्या, "खरं हाय तिचं. मिश्री तोंडात असली की बाईला कुणी उठवत न्हाई. माझं लगीन तसंच ठरलं."

"म्हणजे?"

"मी मिश्री लावून बसलेली. बा आला, म्हणाला, पोरगा बघितलाय, पसंत हाय का? मी म्हटलं, उं! मला म्हणायचं हुतं, थांब, थुकून येऊ दे. त्यानं सुपारी फोडली!"

शकू रडत होती, ती रडता रडता हसायला लागली. काकूंच्या पदरी फेस काढणारे मालक पडले, त्याचं मूळ इथं आहे.

*

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून रेश्माला म्हटलं, "नवीन लेबल करायचं. वापरण्याची पद्धत लिही: बोटाने दात व हिरड्यांना लावावी. लावल्यावर शांत बसावे. अर्धा तास बोलू नये. नंतर चूळ भरावी."

छापायच्या आधी डॉक्टरला विचारलं. मी कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय करत नाही. त्यानं दोनदा वाचलं.

"बाई, अर्धा तास? दात घासत बसल्या तर झिजतील की!"

"घासायचं कुठं म्हटलंय? लावून बसायचं."

"लावून बसलं तर नुकसान न्हाय. पण बाई, दातांना त्याचा फायदा बी काय न्हाय."

"दातांचं कोण बोलतंय!" मी म्हटलं.

त्यानं लेबल परत हातात घेतलं. मग म्हणाला, "खाली एक ओळ घाला, रात्री झोपताना ब्रशनंसुद्धा घासावे." ती घातली. शेवटी माझाच विद्यार्थी.

*

आणि मग जी ऑर्डर सुरू झाली! बावड्यातनं, वडगावातनं, कुठनं कुठनं बायकांचे फोन. "ती अर्धा तासवाली हाय का?" नाव कुणी घेतच नव्हतं. एकीनं रेश्माला विचारलं, "एक तासाची निघती का वो?"

पुरुषांचेही फोन यायला लागले. एक जण तावातावानं म्हणाला, "ही कसली पेस्ट काढलीया तुमी? दुपारच्याला घरात गेलो, बायको, भण, आई, तिघी वळीनं बसल्यात, एक बी बोलंना! जेवाण वाढायचं कुणी?"

रेश्मानं शांतपणे सांगितलं, "दादा, लेबलवर लिहिल्याप्रमाणं करावं लागतं. न्हायतर गुण येत न्हाय."

पलीकडनं डबे उघडल्याचा आवाज आला. मग, "आमटी कशात असती?"

*

शकूच्या घरी लेबल मी स्वतः वाचून दाखवलं. आत्तींनी पदर सावरून नीट ऐकून घेतलं. बाईंनी सांगितलंय आणि वर छापलंय, म्हणजे विषय संपला. त्या दिवसापासनं शकूला पायरीवरनं कुणी उठवेना.

आठ-दहा दिवसांनी आत्ती स्वतः शेडवर आल्या. इकडं बघ, तिकडं बघ, पातेल्यात वाकून बघ. जायचं नाव घेईनात. मी विचारलं, "काय हवंय का आत्ती?"

"एक ट्यूब द्या म्हटलं."

"शकूची संपली?"

"तिची हाय. मला पायजे."

आता आत्तींच्या तोंडात एकही दात नाही. सगळे केव्हाच गेले. मालनकाकू तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मी बी लावत हुते मिश्री," आत्ती म्हणाल्या. "दात गेलं तशी सुटली. तवापास्नं खाली बसल्याली आठवत न्हाई मला." मग पातेल्याकडं बघत, "हिरड्यास्नी चालतीया न्हवं?"

"चालते की," मी म्हटलं. त्या ट्यूबचे पैसे घ्यायला माझा हात झाला नाही.

*

दिवाळीनंतर डॉक्टरनं शकूचा ओठ उलटून बघितला. चट्टा फिकट झाला होता, कडेनं आकसला होता. "झकास! पण शकूताई, आत्ताशी अर्धी वाट झालीया. एकदा जरी मिश्रीला हात लावलास तर पहिल्यापास्नं. उन्हाळ्यात परत दाखवायचं."

येताना शकूनं बसस्टॉपवर आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला. मालनकाकूंनी दोन ग्लास रिचवले, आणि त्याच आनंदात जाहीर केलं की त्याही मिश्री सोडणार. अजून सोडतायत.

*

हे परवाचंच. शेडची किल्ली शकूकडं होती, म्हणून भर दुपारी तिच्या घरी गेले. ही पायरीवर बसलेली, गालात बोट, समोर रस्ता. आतनं आत्तींचा आवाज आला, "कोण, बाई व्हय? बसा. तिनं पेस्ट लावलीया, ती बोलणार न्हाई. च्या मी टाकते."

मी शेजारी टेकले. किल्लीचं बोलायला तिच्याकडं वळले आणि बघतच राहिले. ओठाच्या कडेला हिरवी रेघ नव्हती.

पेस्ट लावली तर रेघ उमटतेच, ती कुणाची चुकलेली नाही. मग गालात काय आहे? डॉक्टरचं "पहिल्यापास्नं" कानात वाजायला लागलं. तिची पोरगी अंगणात एकटीच दोरीवरच्या उड्या मारत होती. मला राग आला, भीती वाटली, आणि हात आपोआप तिच्या हनुवटीला गेला.

"बोट काढ," मी दबक्या आवाजात म्हटलं. "आ कर. आ!"

शकूनं आधी दाराकडं बघितलं. मग बोट काढलं आणि तोंड उघडलं.

मी ओठ उलटून बघितला, गाल ओढून बघितले, जीभ वर करायला लावली. मिश्री नव्हती. पेस्टही नव्हती. बोट स्वच्छ, तोंड स्वच्छ, आत काहीसुद्धा नाही.

शकूनं माझ्याकडं बघितलं. तोंड मिटलं, बोट परत गालात घातलं आणि रस्त्याकडं बघत बसली.

तेवढ्यात आत्ती चहाचे कप घेऊन दारात आल्या. "बाई, झालं का वो हिचं? दळाण आणायचं हाय."

"आत्ताच लावलीया," मी म्हटलं.